भरवशाच्या म्हशीचे इंग्रजी



'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपल्या नगरकडच्या कोणाला समजावून सांगायला नको. घरची म्हैस गाभण असते. मालकाने मनाशी सगळे मांडून ठेवलेले असते. अमुक महिन्यात ती विणार, पारडी होणार, तीन-चार वर्षांनी गोठ्यात दुसरी दुभती उभी राहणार, मग थोरल्याच्या शिक्षणाची चिंता नाही. आणि होतो टोणगा! घरच्यांनी हसावे की रडावे हे ठरायच्या आत शेजारी दाराशी येऊन ही म्हण ऐकवून जातो.

मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. मुले बहुतेक खेड्यांतून येतात. म्हशींविषयी त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तरी 'भरवशाची म्हैस' याला इंग्रजीत काय म्हणाल, असे विचारले की वर्ग गप्प होतो. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून 'बिलीव्हेबल बफेलो' असे काहीतरी येते आणि सगळे हसतात. हसू द्यावे. पण शिक्षकाने तिथे थांबू नये. 'बिलीव्ह' म्हणजे एखाद्याचे बोलणे खरे मानणे. म्हैस तर काही बोललीच नव्हती. तिने कोणाला शब्द दिला नव्हता. जो काही आडाखा बांधला तो मालकाने. त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या हिशेबात म्हशीची पारडी जमेच्या बाजूला मांडून टाकली. नेमक्या याच गोष्टीसाठी इंग्रजीत एक जोडक्रियापद आहे, 'काउंट ऑन'. 'ही हॅड काउंटेड ऑन द बफेलो.' आज आपण त्याच्याविषयी बोलू.

'काउंट' म्हणजे मोजणे, हे पहिलीतल्या मुलाला ठाऊक असते. 'ऑन' म्हणजे वर, हेही ठाऊक असते. मग 'आय काउंट ऑन यू' याचा अर्थ 'मी तुझ्यावर मोजतो' असा लावून मूल गोंधळते. आपली मुले इंग्रजीला भितात ती लांबलचक शब्दांमुळे, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. लांब शब्द ती पाठ करतात. त्यांना अडवतात ती ही दोन-दोन शब्दांची क्रियापदे, ज्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा आणि दोघांचा मिळून होणारा अर्थ अनोळखी. शब्दकोशात 'काउंट' पाहिले तर 'मोजणे' सापडते, 'ऑन' पाहिले तर 'वर' सापडते, आणि जे हवे ते त्याच नोंदीत खाली कुठेतरी बारीक अक्षरांत दडलेले असते.

पण इंग्रजीला हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकावून पाहू. मराठीत 'विसंबणे' असे एक क्रियापद आहे. 'ती लेकराला घडीभरही विसंबत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय? ती लेकराला क्षणभर नजरेआड करत नाही, त्याला सोडून राहत नाही. जुन्या संतवाङ्मयात हा अर्थ चांगला रुळलेला आहे. आता याच क्रियापदाला 'वर' जोडा. 'तो भावावर विसंबला.' अर्थ पार फिरला! आता त्याने भावाचा आधार धरला, आपला भार त्याच्यावर टाकला. 'लेकराला विसंबणे' आणि 'लेकावर विसंबणे' यांत फरक केला तो एका 'वर'ने. कोणी परदेशी माणूस मराठी शिकायला बसला तर तोही आपल्या या 'वर'पाशी असाच अडखळेल. ज्या भाषेत हा चमत्कार रोज घडतो, त्या भाषेतल्या मुलाला 'काउंट' आणि 'काउंट ऑन' यांतला फरक कळू नये, असे काही नाही. त्याला फक्त हे नाते कोणी दाखवलेले नसते.

शिक्षकांनी हा 'वर' फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. भरवसा कोणावर, भिस्त कोणावर, मदार कोणावर, हवाला कोणावर. काम सोपवले कोणावर, घर सोडले कोणावर. मराठीत विश्वासाचे ओझे नेहमी कशाच्या तरी वर ठेवले जाते. आपण विश्वास 'ठेवतो', विश्वास 'टाकतो'. डोक्यावरची पाटी उतरवून बांधावर ठेवावी तसा. बांध पक्का असेल तर पाटी राहते, नाहीतर घसरते. इंग्रजीतही 'रिलाय ऑन', 'डिपेंड ऑन', 'काउंट ऑन', 'बँक ऑन' या सगळ्यांच्या शेपटाला तोच 'ऑन' आहे. म्हणजे इंग्रजी मुलूख आणि आपला मुलूख एकमेकांपासून इतके दूर असूनही भार टाकायची जागा दोघांनी एकच धरली. मुलांना एवढे सांगितले की निम्मी भीती जाते.

उरलेली निम्मी भीती या चौघांतला फरक कळेना म्हणून असते. मार्गदर्शकात चारही ठिकाणी 'विश्वास ठेवणे, अवलंबून असणे' असे छापून मोकळे होतात. तसे करू नये. या चार शब्दांत चार निरनिराळी माणसे उभी आहेत.

'डिपेंड' घ्या. हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी लटकणे, लोंबणे असा अर्थ आहे. भिंतीवरच्या घड्याळातला 'पेंड्युलम' त्याच कुळातला. आता पेंड्युलमला मराठीत आपण काय म्हणतो? लंबक. आणि 'डिपेंड'ला? अवलंबणे. लंबक आणि अवलंबणे, दोन्हींत 'लंब' आहे, म्हणजे पुन्हा लोंबणेच! मला हा योगायोग फार आवडतो. तिथे लॅटिन आणि इथे संस्कृत, दोघांनाही अवलंबून असणारा माणूस कशाला तरी लटकलेला दिसला. आणि जो लटकलेला असतो त्याला निवड नसते. खुंटी मजबूत आहे की किडलेली, हे तो ठरवत नाही.

म्हणून 'डिपेंड ऑन'मध्ये विश्वास असेलच असे नाही. तान्हे मूल आईवर अवलंबून असते; त्याने काही विचार करून विश्वास ठेवलेला नसतो. याउलट 'काउंट ऑन' म्हणजे विचार करून, मोजून-मापून, आपल्या हिशेबाच्या वहीत जमेस धरणे. 'जमेस धरणे' हा आपला मराठी वाक्प्रचार 'काउंट ऑन'च्या जितका जवळ जातो तितका 'विश्वास ठेवणे' जात नाही. कोश करणाऱ्यांनी तो का वापरू नये, मला कळत नाही.

हा फरक पुस्तकी नाही, आणि तो समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. पश्चिमेला अकोले तालुका पाहा. कळसूबाईचे शिखर तिथे, १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या भागात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सह्याद्रीने ढग अडवले की मागे पूर्वेला उरते ती पर्जन्यछाया. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी इथे वर्षाचा पाऊस सरासरी पाच-सहाशे मिलिमीटर, आणि तोही आला तर. आता हे वाक्य फळ्यावर लिहा: 'घाटघर कॅन काउंट ऑन द रेन. जामखेड डिपेंड्स ऑन द रेन, बट कॅनॉट काउंट ऑन इट.' घाटघरला पाऊस जमेस धरता येतो. जामखेडला पावसावाचून गत्यंतर नाही, पण तो जमेस धरता येत नाही. ज्याच्यावर आपण सर्वांत अधिक अवलंबून, त्याचाच भरवसा सर्वांत कमी. कोरडवाहू शेतकऱ्याचे सगळे दुखणे या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत आहे. इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही ते दुखणे ठाऊक असते, त्याला फक्त हे दोन शब्द ठाऊक नसतात.

ही फट बुजवता येते का? आपल्याच जिल्ह्यात एका गावाने ते करून दाखवले आहे. नगर तालुक्यातले हिवरे बाजार. पाऊस बेताचा, चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खंगत गेले, माणसे पोटासाठी बाहेर पडली, डोंगर बोडके झाले. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदानाने डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली. ही हकीकत आपण पुष्कळदा ऐकली आहे. माझे लक्ष वेधले ते पुढच्या गोष्टीने. या गावात पाऊस मोजतात, विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजतात, आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. एवढे पाणी आले, एवढे जमिनीत मुरले. त्यातले पिण्याला एवढे, जनावरांना एवढे, उरले ते शेतीला. उरलेल्यात रब्बीला किती क्षेत्र आणि कोणते पीक, हे त्यावरून ठरते. पाऊस कमी झाला तर पेरा कमी. शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, उसासारखी पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. पवारांचे शिक्षण वाणिज्य शाखेतले, एम. कॉम. पर्यंतचे, जमा-खर्चाची दृष्टी त्यांना तिथून आली की काय, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. पुढे २०२० च्या पद्मश्रींत त्यांचे नाव आले.

या गावाचा पाऊस काही वाढला नाही. ते पावसावर अवलंबून होते, तसेच आजही आहेत. पण आधी मोजल्यामुळे किती पाणी जमेस धरायचे हे त्यांना कळते. 'दे काउंट द वॉटर, अँड सो दे कॅन काउंट ऑन इट.' मुलांना एकाच वाक्यात 'काउंट' आणि 'काउंट ऑन' दोन्ही दाखवायचे असतील तर याहून चांगले वाक्य मला सुचलेले नाही.

शिक्षकमित्रहो, आता थोडे व्याकरण. थोडेच.

पहिली गोष्ट, हा 'ऑन' क्रियापदाला चिकटून राहतो. 'काउंट हिम ऑन' असे कधी होत नाही. मात्र 'काउंट मी इन' आणि 'काउंट मी आउट' यांत माणूस मध्ये येतो आणि अर्थही वेगळा होतो. 'मलाही तुमच्यात धरा', 'मला वगळा'. वनभोजनाची वर्गणी गोळा करताना हे दोन्ही प्रयोग वर्गात आपोआप शिकवून होतात.

दुसरी गोष्ट, 'ऑन' गाळला तर क्रियापद पुन्हा मोजणी करू लागते. 'आय काउंट माय फ्रेंड्स' म्हणजे मी माझे मित्र मोजतो. 'आय काउंट ऑन माय फ्रेंड्स' म्हणजे मित्रांवर माझी भिस्त आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही प्रकार होतात. उमेदवार आधी मतांवर 'काउंट ऑन' करतो, मतमोजणीचा अधिकारी नंतर ती 'काउंट' करतो. दोघांचे आकडे जुळतातच असे नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मुलांना विशेष जड जाते. 'भरवसा ठेवावा असा माणूस' हे इंग्रजीत 'अ मॅन यू कॅन काउंट ऑन' असे होते, आणि 'ऑन' वाक्याच्या अगदी टोकाला लोंबकळत राहतो. मुलांना तो तिथे उपरा वाटतो, ती खोडून टाकतात. मराठीत आपण 'ज्याच्यावर' म्हणून तो 'वर' आरंभीच आणतो, म्हणून हे होते. 'ज्याच्या-वर'मधला 'वर' उचलून शेवटी नेऊन ठेवला आहे, असे दाखवले की पटते.

चौथी, नकारार्थी भूतकाळात याचा अर्थ थोडा सरकतो. 'वी हॅड नॉट काउंटेड ऑन द हेल.' म्हणजे गारपीट आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. इथे भरवशाचा संबंध नाही. कोणी गारपिटीवर भरवसा ठेवत नाही. काढणीला आलेला गहू किंवा कांदा अवकाळीने झोडपला म्हणजे हे वाक्य आपल्याकडे दुर्दैवाने फार उपयोगी पडते.

आणि 'डोन्ट काउंट ऑन इट.' हे पाहुण्याला नकार देण्याचे इंग्रजी आहे. गाडी वेळेवर येईल का? 'डोन्ट काउंट ऑन इट.' आपण म्हणतो, 'तेवढ्यावर राहू नका.' पाहा, इथेही 'वर' आलाच.

'बिलीव्ह मी', 'ट्रस्ट मी' आणि 'काउंट ऑन मी' या तिघांची गल्लत फार होते. 'बिलीव्ह मी' म्हणजे माझे बोलणे खरे मान. 'ट्रस्ट मी' म्हणजे माझी नियत साफ आहे, माझ्या हाती तुझे वाईट होणार नाही. 'काउंट ऑन मी' म्हणजे ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी मी हजर असेन आणि काम करीन. एखाद्या माणसाचे बोलणे खरे असते, मनही निर्मळ असते, पण पेरणीच्या दिवशी बैल घेऊन यायला तो विसरतो. अशा सज्जनावर 'ट्रस्ट' ठेवता येतो, 'काउंट ऑन' करता येत नाही. आपल्याकडच्या सावडीत हेच सूत्र होते. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक; दोघांनी मिळून औत जुंपायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. सावड प्रेमावर चालत असे आणि मोजणीवरही. किती दिवस दिले, किती आले, हे कोणी लिहून ठेवत नसे, पण कोणी विसरतही नसे. ट्रॅक्टर आल्यावर बैलांची सावड मागे पडली. खुरपणी-काढणीला माणसांची सावड अजूनही कुठे कुठे दिसते.

'ट्रस्ट'ला 'विथ' जोडला म्हणजे त्याचा अर्थ 'हवाली करणे' असा होतो. याचे मोठे उदाहरण आपल्या नगर शहराच्या इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि त्यांनी मुलींसाठी शाळा चालवल्या. ज्या काळी मुलीने अक्षर गिरवले तर अनर्थ होईल असे लोक मानत, त्या काळी काही आईबापांनी आपल्या लेकी या परक्या बाईंच्या स्वाधीन केल्या. 'दे ट्रस्टेड हर विथ देअर डॉटर्स.' जोतीराव फुल्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे इथेही घेतले. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. मिशनच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद असू शकतात, पण त्या आईबापांनी जे हवाली केले त्याची किंमत कमी नव्हती.

'इन' जोडला की ओझे खाली ठेवण्याची भाषा संपते आणि आत शिरण्याची सुरू होते. 'कॉन्फाइड इन' म्हणजे विश्वासात घेऊन मनातले सांगणे. मराठीतही 'विश्वासात' आहे, 'विश्वासावर' नाही. 'बिलीव्ह इन' म्हणजे श्रद्धा. नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर सर्वांना ठाऊक आहे. घरांना परंपरेने दारे नाहीत, नुसत्या चौकटी. कुलपाचा प्रश्नच नाही. गावाची श्रद्धा अशी की राखणारा देव आहे. ही 'बिलीव्ह इन'. तिच्यात मोजणी नाही, पुराव्याची मागणी नाही. २०११ मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून देशभर बातम्या झाल्या. दार काचेचे ठेवून गावाच्या भावनेचा मान राखला. पण रोख रकमेची सुरक्षा बँकेने आपल्या पद्धतीने केलीच. पुढे २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले. देवावर श्रद्धा असलेल्या माणसालाही दिवसाअखेर रोकड मोजून ताळा जमवावा लागतो, हे बँकेतल्या कोणत्याही रोखपालाला विचारा. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. एका जागी 'इन' आहे, दुसऱ्या जागी 'ऑन' आहे, इतकेच.

बँकेची गोष्ट निघालीच आहे तर 'बँक ऑन'. हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाला. एखाद्यावर इतकी भिस्त, जणू आपला पैसा तिथे ठेवला आहे. गंमत अशी की त्याच काळात, १८७३ आणि १८९३ साली, अमेरिकेत पुष्कळ बँका बुडाल्या. तरी शब्द टिकला. 'काउंट ऑन'पेक्षा 'बँक ऑन' अधिक ठाम आहे, आणि म्हणून अधिक धोक्याचा. 'काउंट ऑन'मध्ये एक रकमेची नोंद असते. 'बँक ऑन'मध्ये सगळी शिल्लक लागलेली असते.

याची उजळ बाजू पाहायची तर प्रवरेकाठी लोणीला जावे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाला. भाग विकत घेण्यासाठी विखे पाटील गावोगाव फिरले. कारखाना कुठे दिसत नव्हता, धुराडे नव्हते, साखर नव्हती. शेतकऱ्यांनी पैसे दिले ते या दोन माणसांकडे पाहून. 'दे बँक्ड ऑन देम.' मराठीत याला एक सुरेख शब्द आहे, पत. पत ही पैशाने होत नाही, पतीने पैसा उभा राहतो.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. शंभरावर वर्षांची संस्था. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवलेली माणसे या जिल्ह्यात घरोघर भेटतात. ठेवींच्या विम्याची मर्यादा २०२० पासून ५ लाख रुपये आहे. तिथपर्यंतची ठेव विम्यातून मिळते, वरची मात्र अडकते. हा आकडा किती खातेदारांना आधी ठाऊक होता? गावातल्या प्रौढांच्या वर्गात 'बँक ऑन' शिकवायचा असेल तर व्याकरणाआधी हा आकडा फळ्यावर लिहावा, असे मी सुचवीन. पाच लाखांपर्यंत 'काउंट ऑन', त्यापुढे नुसते 'होप'.

एक शब्द राहिला, 'फॉल बॅक ऑन'. पुढचा आधार तुटला म्हणजे मागे ज्याच्यावर रेलता येते, तो आधार. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. कामावर सुकडी मिळे. आमच्या आधीच्या पिढीतली माणसे सुकडीचे नाव काढले की अजून बोलायची थांबतात. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशानेही तशा हमीचा कायदा केला. 'व्हेन द रेन फेल्ड, दे फेल बॅक ऑन रिलीफ वर्क.' या वाक्यात 'फेल्ड' आणि 'फेल' शेजारी शेजारी आले आहेत. एक 'फेल होणे'चा भूतकाळ, दुसरा 'फॉल'चा. मुलांकडून ते मोठ्याने म्हणून घ्या.

विश्वास या शब्दावर मराठीत कोटी व्हायची ती १७६१ सालीच होऊन गेली; पानिपतावर विश्वासराव पडले आणि 'विश्वास पानिपतात गेला' असे लोक आजही म्हणतात. ही कोटी इंग्रजीत नेता येत नाही, नेऊही नये. सगळेच नेता येते असे नाही. पण म्हैस नेता येते. इंग्रजांची याच अर्थाची म्हण आहे, अंडी उबण्याआधी पिल्ले मोजू नका; त्यांनी कोंबडीची पिल्ले मोजली, आपण म्हशीची पारडी मोजली, आणि दोघांच्याही म्हणीत चुकली ती मोजणी.

शिक्षकमित्रहो, पुढच्या आठवड्यात आपल्या वर्गात ही पाच वाक्ये मराठीत द्या आणि मुलांकडून इंग्रजी करवून घ्या. आमचे गाव टँकरवर अवलंबून आहे. टँकर वेळेवर येईल या भरवशावर राहू नका. आजीपाशी मी मनातले बोलते. ठरल्या दिवशी येणारा माणूस हवा. दुधाचा भाव पडेल हे आम्ही हिशेबात धरले नव्हते. उत्तरे तपासताना शब्दांच्या स्पेलिंगकडे मागाहून पाहा. आधी 'ऑन' आणि 'इन' जागेवर आहेत का, तेवढे पाहा. चौथ्या वाक्यात 'ऑन' शेवटी यायला हवा. तो निम्म्या वह्यांत नसेल, एवढे मात्र तुम्ही जमेस धरून चाला.